दाराला काटी लागते ते दिवस

"हिला आपलां बोलनां कळतां का गो?"

माझ्या पाठीमागे कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं. शाळेच्या अंगणात आम्ही दहा-बारा जण उकिडवे बसलो होतो. मध्ये रांगोळीने काढलेलं आमचंच गाव होतं आणि मी पुडीतल्या चिमटी-चिमटीने ओढ्याची रेघ ओढत होते. विचारणारी बुधी होती. वरच्या पाड्यावरच्या ठाकरांची, माझ्याच वयाची. उत्तर दिलं आमच्या आळीतल्या दिन्याने. "कळतं सगळं. बोलत नाय ती. कल्याणला इंग्लिश शाळेत व्हती, जीभ तिकडंच ठिवून आली."

सगळे हसले. मीही हसले, कारण कळतं हे दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं. त्या नादात ओढा चुकला आणि थेट देवळाच्या दारातून गेला.

दसरा होऊन गेला होता. हळवं, लवकर पिकणारं भात कापून झालं होतं, उशिराचं गरवं अजून उभं होतं, त्यामुळे डोळखांबच्या रस्त्याने पाहिलं की खाचरं अर्धी भादरल्यासारखी दिसत. सकाळी दव इतकं पडे की शाळेच्या अंगणात रांगोळी धरायची नाही, दहा वाजेपर्यंत थांबावं लागे. मग ऊन चढे ते एकदम चटका देणारं. चिखल वाळताना येतो तो वास, पेंढ्याचा वास, आणि कुठून तरी सतत झोडणीचा आवाज. भाताची पेंढी फळीवर आपटतात तो. धप्प, मग थोडी उसंत, पुन्हा धप्प. त्या आवाजाला मी अजून घाबरते म्हटलं तर लोक हसतील. पण यंदाही दसऱ्यानंतर मुरबाडला माझ्या खोलीच्या मागच्या शेतात तो सुरू झाला आणि मी खिडकी लावून घेतली.

गावाचा आराखडा गावातल्या तरुणांनी करायचा, असं तेव्हा निघालं होतं. नव्वदीची शेवटची वर्षं. एका संस्थेचे सर यायचे, मोटरसायकलवरून, गळ्यात कापडी पिशवी. ते पहिल्या दिवशी म्हणाले की आजवर तुमच्या गावाबद्दल दुसऱ्यांनी ठरवलं, आता तुम्ही ठरवा. बालवाडी कुठे हवी, नर्सबाईंनी कुठे बसावं, नळ कुठवर यावा, सगळं. मला ते शब्द फार आवडले होते. सतराव्या वर्षी आवडतात. सरपंचकाका शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकून ऐकत होते आणि मान हलवत होते. आता वाटतं, इतक्या सहज मान हलवणाऱ्या माणसाकडे आम्ही जरा निरखून पाहायला हवं होतं.

मला गटात घेतलं ते माझ्या इंग्रजीमुळे. संस्थेचे फॉर्म इंग्रजीत छापलेले होते. दहावीपर्यंत मी कल्याणला मावशीकडे राहून शिकले, मग मावशीच्या घरात जागा उरली नाही आणि मी परत आले. बोलताना माझं मराठी पुस्तकातून काढल्यासारखं यायचं, आणि आकडे तर मराठीत येतच नसत. कुणी 'अडतीस' म्हटलं की मी मनात शोधत बसायची. दिन्याला हे कळल्यापासून तो मुद्दाम विचारी, "मॅडम, किती वाजून किती मिन्टं झाली?" मी घड्याळ पुढे करायची. त्यामुळे गप्प राहणं सोयीचं झालं होतं. लोक गप्प मुलीला चांगली मुलगी समजतात, हे मला लवकर कळलं आणि मी ते पुरेपूर वापरलं.

बुधी मात्र गप्प नसे. पाड्यात सातवी झालेली ती एकटीच. सरांनी विचारलं, गावात काय हवंय, तर मुलं म्हणाली व्यायामशाळा, क्रिकेटचं मैदान, एसटीचा थांबा. बुधी म्हणाली, "पाड्यावर बालवाडी." का, तर लावणीला आया शेतावर जातात आणि लहान पोरं सहा वर्षांच्या पोरीच्या हवाली असतात. ती सहा वर्षांची पोर मग शाळेत जात नाही. "मी पन अशीच बसलेली दोन वर्सां," ती म्हणाली. "माजा भाऊस रांगत वयीत गेला, मी झोपलेली." सर वहीत लिहायचे थांबले. "मग?" "मंग काय. वयीत पानी नव्हतां." ओढा कोरडा होता म्हणून भाऊ वाचला, हे तिने असं सांगितलं की जणू शेळी चुकून पुन्हा सापडली.

सर म्हणाले, ठरावीक संख्येच्या वर लहान मुलं असली तर पाड्याला वेगळी बालवाडी मिळू शकते. आणि शिकवायला शक्यतो पाड्यातलीच मुलगी घेतात. हे ऐकल्यावर बुधीने इकडे-तिकडे पाहिलं. पाड्यातली शिकलेली मुलगी कोण, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

त्या दिवशी तिने शाळेमागच्या चिंचेखालचे चिंचोके ओंजळीने आणले आणि रांगोळीच्या नकाशात पाड्याच्या एकेका घरावर ठेवत गेली. एक चिंचोका, एक पोर. नाव घ्यायची आणि ठेवायची. हिरू, सोमी, काळूची जुळी, यमीचा नकटा. मी वहीत नावं उतरवून घेतली. शेवटी तिने विचारलं, "कती झाली?" मी मोजून इंग्रजीत ट्वेंटी-नाइन म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मी प्रयत्न केला, "नऊ... नऊवीस." ती हसत हसत मातीतच बसली. "एकोनतीस गो बाय. तिसाला एक कमी." आणि मग डोळे बारीक करून, "तीसच लिव. हिरूची आई भरलीय."

असं आमचं जमलं. ती मला मराठी आकडे शिकवायची, मी तिला इंग्रजी. ओट्यावर बसून आम्ही पेंढ्या मोजत शिकलो. तिला इंग्रजी कशाला हवं होतं? "बालवाडीची बाई इंग्लिश बोलली का पोरां गप बसतात." मला वाटतं, माझ्या आयुष्यात कुणी माझ्या शिक्षणाचा इतका सरळ उपयोग सांगितला नसेल. "मंग मी कशाला जातांव भट्टीला," ती म्हणायची. "आईस-बास जातील. मी हितंच ऱ्हाईन." हे ती नेहमी दुसरीकडे बघत म्हणे, डोंगराकडे नाहीतर शेळ्यांकडे. मोठ्याने बोललं तर ऐकून कुणी हिरावून घेईल, असं.

कारण दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. कापणीची मजुरी संपते आणि वीटभट्टीचे ट्रक येतात. फाट्यावर उभे राहतात, इंजिन चालूच ठेवून, आणि चढावरून माणसं उतरत येतात. डोक्यावर हंडे, काखेत कोंबड्या, गोधडीत बांधलेली भांडी, पाठीला पोर. पावसाच्या तोंडावर परत. तोवर मुलांची शाळा, हजेरीतली नावं, लसीच्या सुया, सगळं भट्टीवरच्या धुरात. आमच्या गावठाणात कुणाला त्याचं काही वाटत नसे. ट्रक गेला की माझी आई म्हणायची, "गेली वाटतं मंडळी," आणि पापड वाळत घालायला गच्चीवर जायची.

निघायच्या दिवशी मी पाड्यावर गेले होते. का गेले, आठवत नाही. बहुधा बुधीने बोलावलं म्हणून. तिचा बाप दाराला काटी लावत होता. बोरीची मोठी फांदी, काट्यांसकट, दारावर आडवी घट्ट बसवायची. कुलूप नाही. कुडाच्या घराला कुलूप लावून काय उपयोग. काटीने शेळ्या-कुत्री आत जात नाहीत एवढंच. एकामागून एक घरांना काट्या लागत होत्या. दोन घरांना मात्र दारच नव्हतं, नुसती काळी चौकट. मी त्यांच्याकडे पाहतेय हे बुधीला दिसलं. "ती येनार नायत," ती म्हणाली. "ज्याला यायचां नसतां तो काटी लावत नाय. तो दार काढून नेतो."

मग ती माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आली. ट्रकच्या फाळक्यावर पाय ठेवून वळली आणि म्हणाली, "सर मोजायला येतील तवा आमी नसू. आमची पोरां लिव गो. तुज्या वहीत हायत ना सगळी." मी मान हलवली. सरपंचकाकांसारखीच.

पाहणी झाली ती मार्गशीर्षात. तोवर गरवं भातही खळ्यावर आलं होतं. रोज सकाळी धुकं, आणि धुक्यात कुठेतरी धप्प, धप्प. घराघरांतून फिरून फॉर्म भरायचे होते आणि सरांना शनिवारपर्यंत ते ठाण्याला पोचवायचे होते. गावठाण दोन दिवसांत झालं. प्रत्येक घरात चहा, प्रत्येक घरात "पोरगी कुणाची ही? ती इंग्लिशवाली का?" तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाड्यावर चढलो. सर, दिन्या आणि मी. चढ मोठा नाही, पण सर दमले होते आणि दिन्याला क्रिकेटला जायचं होतं.

पाड्यात एक म्हातारी होती, शेळ्या राखायला मागे ठेवलेली. उन्हात बसून नाचणीची कणसं चोळत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "कोन पायजे? समदी भट्टीला गेल्यात." सर म्हणाले, "लहान मुलं किती आहेत, आजी?" ती म्हणाली, "हितं? हितं मी हाय. लान हाय का मी?" दिन्या हसला. मग ती गंभीर झाली. "पोरां इचारतूस ती कोनाची? नावां सांगू का? बस, सांगतां." आणि तिने बोटं उघडली, पहिलं नाव घ्यायला. सर म्हणाले, "राहू द्या आजी, उशीर होतोय."

घरांकडे हात करून ते मला म्हणाले, "लिही. बंद घर. बंद म्हणजे शून्य."

फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सूचना होत्या. मी त्या पहिल्याच दिवशी वाचल्या होत्या, कारण मी छापलेलं सगळं वाचते, कॅलेंडरच्या मागचंसुद्धा. नववी सूचना अशी होती की कुटुंब कामासाठी तात्पुरतं बाहेर गेलं असेल तर शेजाऱ्यांना विचारून मुलांची संख्या लिहावी आणि शेऱ्याच्या रकान्यात तसं नमूद करावं. तीन ओळी. सोपं इंग्रजी. दिन्याला ते वाचता येत नव्हतं. म्हातारीला येत नव्हतं. सरांना माझ्याहून चांगलं येत होतं. त्यांनी सूचना वाचली नसेल, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. ते सांगताना एक सोय असते. आपण वाचली होती, हे त्यात कुठेच येत नाही.

माझ्या पिशवीत ती वही होती. त्या वहीत एकोणतीस नावं होती. समोर शेजारीण होती, बोटं उघडी ठेवून बसलेली. एवढं सगळं हाताशी असताना काय लागत होतं? "सर, मागे वेगळं लिहिलंय," इतकं. चार शब्द. मी ते मनात आधी इंग्रजीत जुळवले, मग मराठीत, मग 'अहो-जाहो' नीट बसतंय का पाहिलं. तेवढ्यात सर म्हणाले, "अक्षर काय सुंदर आहे हिचं. तू शनिवारी ये माझ्याबरोबर ठाण्याला, मोठ्या मॅडमना भेटवतो." माझे कान गरम झाले. मी शून्य लिहिलं. मग पुढच्या घरापुढे शून्य. मग पुढच्या. काटी लागलेली आणि दार काढून नेलेली, सगळी घरं मी सारखीच लिहिली. एकदा लिहायला लागलं की हात आपला चालतो.

लोक म्हणतात, लाजाळू होतीस, लहान होतीस. मीही म्हणून पाहिलंय. पण त्या रात्री घरी मी त्याच फॉर्मांची स्वच्छ प्रत केली. तेव्हा समोर सर नव्हते, दिन्या नव्हता, कुणी माझ्या आकड्यांना हसणार नव्हतं. वही उघडून आकडे बदलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी शून्यं पुन्हा काढली, आधीच्याहून गोल. ते लाजाळूपण नव्हतं. मला ठाण्याला जायचं होतं.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा झाली. आराखडा वाचून दाखवला. तरुणांचा सहभाग म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. चार्टपेपर मोठा होता, त्याची चार टोकं धरायला चार तरुण लागले. एक टोक माझ्याकडे होतं. फोटो निघाला. बालवाडी एकच मंजूर होणार होती, ती गावठाणात, देवळाशेजारच्या खोलीत, आणि शिकवायला सरपंचकाकांची सून. पाड्याबद्दल सर म्हणाले, "तिथे सध्या लहान मुलं नाहीत." कुणी हरकत घेतली नाही. घेणारे भट्टीवर माती मळत होते. ज्यांच्याबद्दल ठरवायचं ते गावात नसतात तेव्हाच नेमकी ठरवायची सभा असते, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे. आम्ही तरुणांनी त्यात एवढीच भर घातली, की आता ते रंगीत नकाशावर ठरू लागलं.

पावसाच्या तोंडावर पाडा परतला. बुधी दुसऱ्या दिवशी देवळाशेजारच्या खोलीपाशी आली होती, असं दिन्याने मला सांगितलं. "इचारत व्हती, वरची बालवाडी कदी चालू व्हनार. सरपंचांच्या सूनबाई बोलल्या, यादीत पाडाच नाय. गेली मंग. तुला शोधत व्हती." मी घरातच होते. दोन दिवस अंगणातही आले नाही. तिसऱ्या दिवशी ती मला लांबून रस्त्यावर दिसली आणि मी वाण्याच्या दुकानात शिरले, गूळ मागितला, घरात गूळ असताना. महिन्याभरात मी कॉलेजला गेले. ठाण्याच्या मोठ्या मॅडमनी दिलेलं प्रमाणपत्र तिथे कामी आलं, पुढे नोकरीतही आलं. त्यावर लिहिलंय की मी माझ्या गावाच्या नियोजनात सक्रिय भाग घेतला.

ते खरंच आहे.

आता मी मुरबाडला एका कार्यालयात गावागावांतून आलेले फॉर्म तपासते. दहा वर्षं झाली त्या हिवाळ्याला. फॉर्म मराठीत आलेत, तरुणांचे गट अजून निघतात, टोप्या मिळतात, चार्टपेपरची जागा फ्लेक्सने घेतली. मार्गशीर्षात भरलेले गठ्ठे माघात माझ्या टेबलावर येतात. पाड्यांचे फॉर्म मी वरूनच ओळखते, कारण तिथे रकाना पांढरा दिसतो, ओळीने गोल गोल शून्यं. मी ते फॉर्म परत पाठवते. शेरा लिहिते : पावसाळ्यात पुन्हा पाहणी करावी. साहेब वैतागतात. कधी कुणी पुन्हा करतं, बहुतेक वेळा तेच शून्य नव्या शाईत परत येतं. यामुळे मला बरं वाटतं का, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. नाही वाटत. उलट प्रत्येक शून्यामागे कुणीतरी चांगल्या अक्षराची मुलगी असेल असं वाटतं, आणि तिचा राग येतो.

परवा, दिवाळी होऊन चार दिवस झाले होते, मी एसटीने शहापूरला निघाले होते. सापगावला गाडी थांबली, टायर बसला होता. माणसं खाली उतरली. पलीकडे भट्टीचा ट्रक उभा होता, माणसांनी आणि हंड्यांनी भरलेला. मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे पाहिलं.

"ए बाय," ट्रकमधून कुणी म्हणालं. "वळख नाय का दिली?"

बुधी होती. गाल बसलेले, पुढचा एक दात नव्हता. मांडीवर एक झोपलेलं, शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी, काखेत अजून एकाला घेऊन. मांडीवरचं शेजारणीकडे देऊन ती फाळक्यावरून खाली उतरली आणि तिने माझा हात धरला. तिचा हात विटेसारखा खरखरीत लागला. "मोठी झालीस गो. हापिसात हायस ना? दिन्या बोलला." मी विचारलं, कशी आहेस. "अशी," ती म्हणाली आणि ट्रककडे हनुवटी केली. मी विचारलं, मुलगी शाळेत जाते का. "ही? ही कशी जाईल. धाकटी दोन कोन बगेल?"

मग तिने मुलीला खाली बोलावलं. मुलगी काखेतल्या पोरासकट उतरली आणि माझ्या चपलांकडे बघत उभी राहिली.

"ही बग," बुधी तिला म्हणाली, "मी सांगतां ना, ती ही. इंग्लिश शिकलेली. हिनं आपल्या पाड्याची समदी पोरां लिवली व्हती, नावां घेऊन, एकूनएक. वरच्यांनी खोडलां. पाड्यावर लोकां बोलायची, गावठानातली पोर, ती कशाला लिवील. मी भांडली त्यांच्याशी. मी बोललां, ती बोलत नाय पन ती लिवनार. खोडलां ते वरच्यांनी."

टायर बसवून झाला होता. कंडक्टर घंटी मारत होता. मुलीने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. बुधीने माझा हात सोडला नव्हता, आणि तिच्या तोंडावर माझ्याबद्दलचा अभिमान होता, दहा वर्षं जपलेला.

"कुणी खोडलं नाही, बुधी," मी म्हणाले. "तुमच्या सगळ्या घरांपुढे शून्य मीच लिहिलं होतं."